तिसऱ्या नंबरची कॉइल

गाडीच्या बाबतीत मी भलता कटकट्या माणूस आहे. कुणी दार आपटलं की माझ्या कपाळावर आठी आलीच, आणि सीटवर चिवडा सांडला तर मी पुढचा सगळा रस्ता बोलत नाही. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्यानंतर थोड्याच वर्षांत मी ती घेतली. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत शिरताना आरसे मिटवावे लागायचे, शेजारी हसायचे. पण आईच्या खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला रिक्षात चढणं होत नव्हतं, रेल्वेचा डबा तर दूरच. तिला दारातून उचलावं आणि दारात सोडावं, एवढ्याचसाठी ती गाडी होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूरहून मावसभावाचा फोन आला. मावशीनं, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीनं, खाणंपिणं सोडलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. "दादा, तुह्या आईले आणायचं असन तं लवकर आण," तो म्हणाला. "सारखी विचारून राहिली, ताई आली काय, ताई आली काय."

मी लगेच निघायला तयार होतो. आईच अडून बसली. दसऱ्याला वाहनाची पूजा न करता लांबच्या वाटेला लागायचं नाही, हा तिचा कायदा, आणि तिच्या कायद्यापुढे माझं कधीच चाललं नाही. मग दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, इंजिनाला हळदकुंकू वाहायचं म्हणून बॉनेट उघडून दिलं. तेवढ्यात कोणी सोनं द्यायला आलं, म्हणून मी घरात गेलो. परत आलो तेव्हा नारळ फुटला होता आणि खुर्चीवर बसलेली आई समाधानानं हात पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आई मागच्या सीटवर, उशीला टेकून. गाडी सुरू होताना थोडी थरथरली, तिकडे मी दुर्लक्ष केलं. टाटीबंधच्या चौकात ट्रकांच्या मधून पुढे काढायला म्हणून जोर दिला, तर ती पुढे जाण्याऐवजी गचके खायला लागली. समोरच्या मीटरच्या काट्यांमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. अशा गाडीनं नागपूर गाठणं शक्य नव्हतं. गुढियारीत माझ्या ओळखीचं एक गॅरेज होतं, तिथवर कशीबशी खोकत-खोकत आणली.

गॅरेजचा मालक वरच्या मजल्यावरच राहायचा. त्याला सगळे उस्ताद म्हणत, तोही स्वतःला तेच म्हणवून घेई. कारागीर सुटीवर होते. तोंडात दातूण तशीच ठेवून त्यानं इंजिनाचा आवाज ऐकला आणि निकाल दिला, "पेट्रोल में कचरा है. टंकी खोलनी पड़ेगी. शाम तक देता हूँ."

"शाम तक?" माझा आवाज चढला. "मेरी मौसी के पास उतना टाइम नहीं है!"

"तो उड़ के चले जाओ, भैया."

आमची चांगलीच जुंपली. एरवी मजा आली असती, पण आई सगळं ऐकत होती. तिनं काच खाली केली आणि मला हाक मारली.

"त्याले म्हण, टाकी नको खोलू."

"आई, तू थांब जरा. आम्ही बोलून राहिलो ना."

"काहून थांबू? काल नारळाचं पाणी म्या इंजिनावर ओतलं. सगळंच."

"इंजिनावर? चाकावर ओततात, आई!"

"चाकं तं चिखलातूनच चालतात. गाडीचा जीव आत हाये ना? म्हटलं, जीवालेच पाजावं, म्हणजे गाडी मले बहिणीपाशी नीट पोहोचवन." मग आवाज बारीक करून म्हणाली, "तू ओरडशीन म्हणून सांगतलं नाही."

माझा पारा चढला होता, नाही म्हणत नाही. पण उस्ताद दातूण फेकून असा काही हसला की माझ्या रागाला जागाच उरली नाही. "हव अम्मा, अब समझा," म्हणून त्यानं टाकीचा विषय सोडला आणि पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं.

त्या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर आपली स्वतंत्र कॉइल होती. कॉइल ठिणगीला जोर देते, ठिणगी पेट्रोल पेटवते. चालू इंजिनावर त्यानं एकेका कॉइलची वायर काढून बघितली. पहिलीची काढली, इंजिन अडखळलं. दुसरीची काढली, तसंच. तिसरीची काढली तर इंजिनाला पत्ताच नाही, कारण तिथं आधीपासूनच काही पेटत नव्हतं. ती कॉइल उपसली तर खालची रबरी नळी चिकट, आणि प्लगच्या खड्ड्यात पाणी. त्यानं हवा मारून खड्डा सुकवला, सगळं पुसलं, परत बसवलं. तरी थरथर जाईना.

मग त्यानं तिसरी कॉइल दुसऱ्या प्लगवर लावली आणि दुसरी तिसऱ्यावर. आता तिसरा चालायला लागला आणि दुसरा मेला. म्हणजे प्लग बरा, वायर बरी, दोष कॉइलबरोबर फिरत होता. "चोर पकड़ा गया," उस्ताद म्हणाला.

चोर सापडला, पण नवी कॉइल आणायची तर दुकानं बंद. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोण शटर उघडतो? मी मटकन स्टुलावर बसलो.

उस्तादानं कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका गाडीकडे पाहिलं. मॉडेल तेच, दार चेपलं म्हणून पत्र्याच्या कामाला आलेली. त्यानं तिच्या मालकाला फोन लावला. तो उरल्याच्या औद्योगिक भागात कुठल्याशा कारखान्यात पाळीवर होता, मागे लोखंडाचा दणदणाट. उस्ताद ओरडून-ओरडून सांगत होता, मग त्यानं फोन माझ्या कानाला लावला. "माँजी को ले जाना है ना?" पलीकडचा माणूस म्हणाला. "निकाल लो भैया, पूछना क्या है. मेरी तो वैसे भी खड़ी है." परत आल्यावर मी त्याच्या गाडीत नवी कॉइल बसवून दिली, पण त्याला मी आजवर पाहिलेलं नाही. मी मानलेले आभार त्या दणदणाटात त्याला ऐकू गेले की नाही कोण जाणे.

राजनांदगाव मागे पडल्यावर आईनं विचारलं, "रागावला काय?"

"नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. ती गप्प राहिली असती तर आम्ही उघड्या टाकीशेजारी संध्याकाळपर्यंत बसलो असतो. माझ्यासारख्या तापट पोराला, तेही परक्या माणसासमोर, तिनं ते सांगितलं. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे, आजही.

नागपुरात पोहोचलो तेव्हा मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईला आम्ही दोघा भावांनी धरून पलंगाशी बसवलं. तिनं मावशीच्या केसांवरून हात फिरवला. मावशीनं वळून पाहिलं, ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलली, "काहून इतका उशीर केला?"

"आली न आता," आई म्हणाली. मग तिनं पेज मागवली, फुंकर घालून चमचा मावशीच्या ओठाला लावला, आणि कुणाच्याच हातून काही न घेणारी ती बाई मुकाट्यानं गिळू लागली. मी दाराशी उभा राहून लहान पोरासारखा रडलो.

दिवेलागणीला मी हळूच विचारलं, "आई, निघायचं कधी?"

उत्तर मावशीनं दिलं, डोळे मिटूनच. "ती नाही येत. तू जाय."

मी एकटाच परतलो. आई शेवटपर्यंत तिथं राहिली. मावशी गेली त्या सकाळी आईचा फोन आला. मला वाटलं होतं, रडेल. ती रडली नाही. "माह्या हातून जेवून गेली रे," एवढंच म्हणाली.