पलंगाला कायदा नाही

“मशीन या खोलीबाहेर जाणार नाही,” अधीक्षक साहेब म्हणाले. “मुलीला इकडे आणा.”

“ती बसली तरी दमते, सर,” मॅडम म्हणाल्या.

मॅडम बालरोगतज्ज्ञ. मुलांच्या पलंगापाशीच सोनोग्राफी कशी करायची, हे आमच्या डॉक्टरांना शिकवायला आल्या होत्या. याला बेडसाइड म्हणतात. पण पोटातला मुलगा की मुलगी हे कोणी पाहू नये म्हणून सोनोग्राफीवर कडक कायदा आहे. मशीन नोंदलेल्या जागीच ठेवायचं. साहेब त्याला भारी घाबरत. त्यामुळे बेडसाइडचं शिक्षण बेडपासून लांब, कोपऱ्यातल्या खोलीत चाललं होतं. तपासायला पोरं कोणाची, तर आम्हा कर्मचाऱ्यांचीच. धडधाकट.

मी तिथली आया. चौथी शिकलेली. लहान मुलांच्या वॉर्डातच म्हातारी झाले.

आजारी होती ती जानेफळची तीन वर्षांची मुलगी. न्यूमोनिया, नाकाला ऑक्सिजन, इंजेक्शनं चालू तरी ताप हटेना. आमच्या छोट्या डॉक्टरांना शंका होती की फुफ्फुसाबाहेर पाणी साचलंय. साचलं असेल तर सुईने काढायचं. नसेल तर सुई खुपसायची नाही. एक्स-रेचं मशीन बंद पडलेलं.

मी मॅडमना विचारलं, “पलंगासकट हालवली तं चालते का?”

“ऑक्सिजन न काढता? चालेल.”

मी ब्रेक काढला. सिस्टरने सिलिंडरची ट्रॉली धरली. मुलीची आई आडवी आली.

“मावशी, थे तं पोटातलं लेकरू पाहाचं मशीन हाय ना? माह्या पोरीले काऊन नेऊन राह्यल्या?”

“छातीत पाणी हाय का पाहाचं हाय. रडू नको. तिचं डोकं धर.”

खोलीपाशी पोचलो तर पलंग दारात अडकला. तिरपा करून पाहिला, तरी जाईना. साहेब धावत आले.

“मावशी, कोणाला विचारून आणलं?”

“कोणाले नाई.”

“उद्या तपासणी आली तर कोर्टात मला जावं लागेल!”

“मशीन हाललं का साहेब? पलंग हालला. पलंगाले कायदा हाय का?”

“नोकरी नकोय का?”

“रिटायर व्हाले आली मी. आता काय काढता?”

मॅडमनी तेवढ्यात मशीन आतल्या बाजूने दाराला लावलं. त्याला एक वायर असते, तिच्या टोकाला मुठीत मावेल असा प्रोब. तोच छातीवर फिरवतात. मशीन खोलीत, मुलगी बाहेर, वायर उंबरठ्यावरून. साहेब दोन्हीकडे बघत राहिले.

मॅडमनी प्रोब स्वतः धरला नाही. छोट्या डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी तो मुलीच्या उजव्या बरगडीखाली टेकवला.

“हे लिव्हर आहे,” मॅडम म्हणाल्या. “वर सरका. घाई नको.”

डॉक्टर वर सरकले. पडद्यावर काळा पट्टा आला.

“पाणी,” ते म्हणाले. मग वाकून पाहिलं. “नाही मॅडम, आत कण तरंगतायत. पू असेल.”

“मग सुई कुठे घालाल?”

त्यांनी बरगड्यांमध्ये पेनाने खूण केली. साहेबांनीच सुईचं सामान मागवलं, हे मात्र सांगितलं पाहिजे. सिरिंजमध्ये पिवळा, दाट पू आला. पुढे नळी टाकायला मुलीला जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिकडे नळी टाकायला उशीर होऊ लागला, तेव्हा तिची आई रडली नाही, डॉक्टरांशी भांडली म्हणे. मुलगी बरी होऊन घरी गेली.

माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, ‘मशीन खोलीतच होते. पलंग मी ढकलला. गरज पडली तर परत ढकलीन.’ त्याचं पुढे काही झालं नाही. साहेबांनी मात्र वर लिहून वॉर्डात मशीन न्यायची रीतसर परवानगी आणली. आधी मागितली असती तरी मिळाली असती.

नुसतं विचारलं तर नाही म्हणायला साहेबाचं काही जात नाही. आजारी पोर समोर आणून उभं केलं की त्याला विचार करावा लागतो.