थोरल्याचा निळा कोट

नवरदेव हे काही त्याचं खरं नाव नव्हे, गल्लीने ठेवलेलं. साठी गाठलेला माणूस, केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे; पण रविवारी सकाळी बाहेर पडला की अंगात कोट, वरच्या खिशात रुमालाचं टोक आणि बुटांना असं पॉलिश की त्यात बघून भांग पाडावा. कोपऱ्यावरचा न्हावी दुकानातूनच ओरडायचा, "काय नवरदेव, मुहूर्त कधीचा?" हा थांबून गंभीरपणे सांगायचा, "अजून मुलगी पसंत पडायचीय." मागे दारातून बायकोचा आवाज यायचा, "पडली की कळवा, मी माझी बॅग भरायला घेते!" दर रविवारी हेच, आणि दर रविवारी तिघंही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची. मग नवरदेव जुन्या बाजाराचा रस्ता धरायचा.

ही कोटाची हौस आली कुठून, तर खाकीतून. सारा जन्म बसमध्ये कंडक्टर म्हणून गेला. उंचीला ताडमाड, अंगाने काठी, आणि हात एवढे लांब की पुढच्या दाराशी उभं राहून मागच्या बाकावर तिकीट पोचवील. डेपोतून मिळणारा गणवेश लांबीला झाला तर अंगावर तंबू, आणि रुंदीला झाला तर मनगटं उघडी. दुकानातल्या तयार कपड्यांचीही तीच तऱ्हा. पण त्याची खरी गंमत, गंमत कसली, दुखणंच ते, त्याच्याही आधीचं होतं. घरात हा थोरला. थोरल्याला कपडे नवे मिळतात म्हणून धाकटे जळतात. अरे, पण कसले नवे? वाढत्या अंगाचे! बाह्या दुमडून, विजारीला पट्टा आवळून हा वर्षभर फिरणार, आणि अंग वाढून कपडा कुठे मापात आला की आई म्हणणार, "काढ तो आता, धाकट्याला होईल." धाकट्यांना दादाचे मऊ झालेले, अंगाला सरावलेले कपडे मिळायचे. ह्याला दादाच नव्हता. शाळेत असताना त्याने आईला एकदा विचारलंही होतं, "मला दादा का नाही आणलास?" आईने हसत हसत त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

तर हा माणूस निवृत्त व्हायच्या थोडा आधी जुन्या बाजारात गेला तो बायकोची पिशवी धरायला. हौस तिची होती. तिला घर सजवायचं वेड. दोनच खोल्या, पण त्यांत काय नव्हतं? पितळी दांड्याचा दिवा, कडांना वेलबुट्टी असलेला आरसा, एकमेकींशी अजिबात न जुळणाऱ्या कपबश्या. "जुळणाऱ्या कपबश्या काय, कोणीही आणतं," ती म्हणायची. आरशाचा पारा एका बाजूला उडाला होता, म्हणून तिने तो अशा कोनात टांगला की त्यात खिडकीच दिसे आणि खोलीला दोन खिडक्या असल्यासारखं वाटे. जुन्या वस्तूंना नाक मुरडणारे लोक असतात. असोत बापडे, त्यांच्या घरी एकच खिडकी.

त्या दिवशी बायको एका फुलदाणीसाठी घासाघीस करत होती आणि हा कंटाळून शेजारच्या कपड्यांच्या दुकानापाशी उभा होता. दुकान म्हणजे काय, दोन खांबांमधे आडवी दांडी, दांडीवर कपडे, खाली चादरीवर मांडलेली काचेची भांडी. दुकानवालीचा चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला. बाजारात तिला चष्मेवालीच म्हणत. तिने चष्मा डोळ्यांवर चढवून ह्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मागच्या ट्रंकेतून एक करडा कोट काढला आणि म्हणाली, "हा घालून बघा."

त्याने घातला. बाही खाली आली, आणखी खाली आली, आणि बरोबर मनगटावर येऊन थांबली. खांदे खांद्यांवर बसले. पाठीत कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. नवरदेवाने दोन्ही हात पुढे-मागे करून बघितले. बायकोने फुलदाणी खाली ठेवली आणि म्हणाली, "अगंबाई! हे तुम्ही आहात होय?"

तिथून सुरुवात झाली. दोन-तीन महिन्यांनी चष्मेवाली त्याला खुणेने बोलवायची आणि ट्रंकेतून एखादा कोट, एखादी विजार, एखादं जाकीट काढायची. दर वेळी माप तेच. सुईदोरा लावायची गरज नाही. हळूहळू नवरदेवाच्या लक्षात आलं की हे सगळे कपडे एकाच माणसाचे. डावा खिसा प्रत्येक कोटाचा जरा ओघळलेला, म्हणजे गृहस्थ डावा हात खिशात घालून उभा राहणारा. आतला खिसा मुद्दाम उजवीकडे शिवून घेतलेला, म्हणजे डावखुरा. कॉलरला कुठे मळ नाही, म्हणजे टापटिपीचा. आणि एवढे चांगले कपडे बाजारात आलेत म्हणजे, उघडच आहे, बिचारा गेला.

चष्मेवालीला त्याने कधी विचारलं नाही. दुःखाच्या जागी बोट कशाला घालायचं? पण मनातल्या मनात तो त्या माणसाला दादा म्हणू लागला. एवढ्या वर्षांनी त्याला थोरल्याचे कपडे मिळत होते, मऊ झालेले, अंगाला सरावलेले. कोट चढवताना तो पुटपुटायचा, "दादा, निघालो बरं का." बायको म्हणायची, "तुमच्या स्वर्गवासी बंधूंना माझाही नमस्कार सांगा." चेष्टा करायची, पण दादाचे कोट उन्हात टाकायची तीच, आणि ब्रशही तीच फिरवायची.

शेवटी आला तो निळा. गडद निळा, आत डाळिंबी रंगाचं रेशमी अस्तर, हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखा. चष्मेवालीने तो ट्रंकेतून काढला, थोडा वेळ मांडीवर ठेवला, आणि मग दिला. "हा शेवटचा," म्हणाली. "आता नाही उरले."

त्याच सुमारास लेकीचं लग्न ठरलं. मुलगा ती नोकरी करायची त्याच दवाखान्यातला, साधासुधा. सरकारी कचेरीत सह्या करायच्या आणि घरी जेवण, एवढाच बेत. लेक म्हणाली, "बाबा, मला दुसरं काही नको. शाळेत न्यायला यायचात ना, ते खाकीत, मनगटं उघडी टाकून. मुली हसायच्या आणि मी तुमच्याशी बोलायचे नाही. त्या दिवशी तो निळा कोट घालाच. मला तुमचा हात धरून आत जायचंय." हे ऐकून नवरदेव स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन ग्लास पाणी प्यायला. त्या कोटात आता त्याचा जीव अडकला होता.

एकच उणीव होती. कोटाचं मधलं बटण गायब. बाकीची शिंपल्याची, आत निळसर झाक असलेली, तशी शोधून मिळायची नाहीत. लग्नाच्या आधीच्या रविवारी कोट अंगावर चढवूनच तो बाजारात गेला, म्हणजे बटण जुळवून बघता येईल.

चष्मेवाली जागेवर नव्हती. स्टुलावर एक अगडबंब माणूस बसला होता आणि भांड्यांवरच्या माश्या वारत होता.

"बाई कुठे गेल्या?"

"कुठलंसं घर रिकामं होतंय, तिथे सामान बघायला गेलीय. मी तिचा नवरा. परवाच निवृत्त झालो, म्हणून बसवलंय." एवढं बोलून त्याची नजर कोटावर गेली आणि तिथेच खिळली. "हा कोट कुठून आणलात?"

"इथूनच की! तुमच्याच बाईंनी दिला." नवरदेवाची छाती फुगली. "असले अजून बरेच दिलेत. एका मेलेल्या माणसाचे आहेत."

"कोणाचे?"

"होता कोणी तरी बिचारा. माणूस मात्र भला असणार हो, कपड्यांवरून कळतं."

"कधी गेला म्हणायचा?"

"झाली असतील पाच-सहा वर्षं. दुखणं काढून गेला असावा, माणूस बारीक होता ना." उचलली जीभ, लावली टाळ्याला! नवरदेवाने वर एक उसासाही टाकला. "चांगली माणसं टिकत नाहीत."

तो माणूस स्टुलावरून उठू लागला. उठला, आणि उठतच राहिला. नवरदेवाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या तरी डोळ्यांत समोरासमोर बघावं लागलं. त्या माणसाने डावा हात खिशात घातला आणि शांतपणे म्हणाला, "मी अजून गेलो नाहीये."

 डाव्या खिशातला तो हात बघून नवरदेवाला सगळं उमगलं. भूमाते, दोन मिनिटं फाटतेस का, असं झालं त्याला.

तेवढ्यात झालरीची दिव्याची टोपी हातात घेऊन चष्मेवाली आली. दोघांना समोरासमोर बघितलं आणि जागच्या जागी थबकली.

"कपाटात माझ्या कोटांच्या खोळी लटकतायत त्यांत काय आहे मग?" नवऱ्याने विचारलं.

"पडदे," ती म्हणाली.

"पडदे!"

"तुम्ही कधी उघडून बघितल्यात का? बारीक झालो की घालीन, बारीक झालो की घालीन. हॉटेलात दाराशी उभे होतात तोवर ठीक होतं. स्वागताची खुर्ची मिळाली आणि अंग सुटलं ते सुटलंच. कोटांना कसर लागायला आली होती."

"बाकीचे विकलेस ते विकलेस. पण हा?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "ह्यात मी तुझ्याशी लग्न केलं ना गं."

चष्मेवालीने चष्मा काढला. "म्हणूनच शेवटी दिला. हे गृहस्थ पहिल्या दिवशी इथे येऊन उभे राहिले आणि मला तुम्हीच आठवलात. तीच उंची, तेच खांदे. कपाटात लटकलेला कोट बघून मला काय सुख? मला तो चालताना बघायचा होता. दर रविवारी बघतेय."

शेजारचे दोन-तीन दुकानदार माना उंचावून ऐकू लागले होते. नवरदेवाने कोट उतरवला. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, खाकीतली उघडी मनगटं आली. पण दुसऱ्याच्या लग्नाचा कोट घालून आपल्या लेकीच्या लग्नाला कसं जायचं? त्याने कोट नीट झटकला आणि पुढे धरला. "दादा, तुमचा आहे. घ्या." दादा हा शब्द सवयीने निघून गेला.

त्या माणसाने डावा हात बाहीत घातला. दंडापर्यंत गेला, आणि अडकला. पाठीत शिवण कुरकुरली. चष्मेवाली ओरडली, "अहो, फाटेल!" मग तिघांनी मिळून त्याला त्यातून सोडवलं. तो धापा टाकत स्टुलावर बसला, आणि आधी त्याचं पोट हलायला लागलं, मग खांदे. तो हसत होता. डोळे पुसत म्हणाला, "घाला हो तुम्हीच. आणि जरा तिकडे दिव्यांच्या दुकानापर्यंत चालून दाखवा."

नवरदेव चालला. जन्मभर धावत्या बसमध्ये न धरता चाललेला माणूस, पण त्या दिवशी त्याने एकेक पाऊल मोजून टाकलं. दिव्यांपाशी वळला आणि परत आला.

"मी मागून असा दिसायचो?" त्या माणसाने बायकोला विचारलं.

"अस्साच."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर डोक्यावर बसला असतात," ती म्हणाली, आणि दिव्याची टोपी त्याच्या मांडीवर ठेवून दिली.

मग नवरदेवाला आठवलं की आपण बटणासाठी आलो होतो. लेकीच्या लग्नाचं सांगून त्याने बटणाचं विचारलं, तर त्या माणसाने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. जुडग्यात तेच शिंपल्याचं बटण ओवलेलं होतं. "शेवटचा घालून बघितला तेव्हा उडालं," तो म्हणाला. "जवळ ठेवलं. म्हटलं, ते बघून तरी चार घास कमी जातील. गेले नाहीत." बटण सोडवून त्याने नवरदेवाच्या हातावर ठेवलं, पण बोटं लगेच मागे घेतली नाहीत. "लग्न कुठे आहे म्हणालात?"

"तुम्ही दोघं येणार असलात तरच सांगतो," नवरदेव म्हणाला.

आली दोघं. चष्मेवालीने चष्म्याला नवी दोरी लावली होती. तिच्या नवऱ्याच्या अंगात साधा शर्ट होता, इस्त्री मात्र कडक. लेक बापाचा हात धरून कचेरीच्या जिन्यावरून वर आली, आणि बापाची मनगटं झाकलेली होती. वरच्या पायरीवर थांबून तिने कोटाच्या मधल्या बटणाला बोट लावलं आणि म्हणाली, "बाबा, आज शाळेतल्या सगळ्या मुली इथे हव्या होत्या." 

खोली लहान होती. दाराशी बसलेला कारकून म्हणाला, "फक्त घरची माणसं आत." तो अवाढव्य माणूस मुकाट्याने बाजूला झाला. नवरदेव आत गेला होता, तो परत बाहेर आला आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाला, "दादा, बाहेर काय उभे राहता? वहिनींना घ्या आणि चला."

"हे कोण?" कारकुनाने विचारलं.

"माझे थोरले भाऊ."

कारकुनाने एकदा त्या डोंगराकडे बघितलं, एकदा ह्या काठीकडे. "सख्खे? वाटत नाही हो."

"वाटत कसं नाही?" नवरदेव म्हणाला. "ह्यांचेच कपडे घालून मोठा झालोय मी."