भवानीचा हात

रविवारी सकाळी मार्केट यार्डात भाजीला जायचं, हा आमच्या घरातला सासूबाईंचा नेम. लग्न होऊन आले तेव्हा मला तो शुद्ध छळ वाटायचा. आठवडाभर शाळेत पोरांवर ओरडायचं आणि सुट्टीच्या दिवशी कांद्याच्या ट्रकांमधून स्कूटी काढत, डोळ्यांत कांद्याची टरफलं घेत सासूला मागे बसवून न्यायचं. कोपऱ्यावरची भाजीवाली काय विष विकते का, असं एकदा मी बोलूनही गेले होते.

"ती विकती," सासूबाई म्हणाल्या. "यार्डातल्या बाया पिकवून आणतात. फरक हाय की."

त्या बाया यार्डाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायच्या. पुढे आडत्यांचे लिलाव चालायचे, हमालांची "सरका, सरका" चालायची. त्यातून पिशव्या सांभाळत मागे गेलं की मेथी, शेपू आणि अंबाडीचे हिरवे ढीग लागायचे. बहुतेक बाया अक्कलकोटकडच्या. सासूबाईंचं माहेरही तिकडचंच, त्यामुळे शेडमध्ये पाऊल टाकलं की त्यांची जीभ कन्नडवर जायची. भाव मराठीत विचारायचा आणि कमी कन्नडमध्ये करायचा, ही त्यांची पद्धत. मी मराठी शाळेतल्या मास्तरांची मुलगी. पिशवी धरून उभं राहणं एवढंच माझं काम, आणि तेही मी तोंड वाकडं करूनच करायचे.

शेडच्या कडेच्या खांबाशी एक बाई बसायची. वय सासूबाईंपेक्षा थोडं कमी, आवाज मात्र दुप्पट. आम्ही दिसलो की ती हातातली जुडी बाजूला ठेवायची आणि ओरडायची, "बर्री अव्वा, बर्री!" म्हणजे या आई, या. तिची भवानी सासूबाईंच्या हातून व्हायची. दिवसाची पहिली विक्री. दुसरं गिऱ्हाईक आधी आलं तर ती "जरा थांबा की" म्हणून मिरच्या निवडत बसायची. सासूबाईंनी नोट दिली की ती कपाळाला लावायची, मग भाजीच्या ढिगाला लावायची आणि मगच बसायच्या पोत्याखाली सारायची. "अव्वाचा हात लागला की दुपारच्या आत ढीग संपतो," असं ती मला दर वेळी सांगायची. सासूबाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, पण परतताना स्कूटीवर माझ्या खांद्यावर हात ठेवून गुणगुणायच्या. घरात सगळी कामं हळूहळू माझ्याकडे आली होती. ही एक गोष्ट त्यांची होती.

यंदा उन्हाळ्यात सासरे गेले. सासूबाई घराबाहेर पडेनात. यार्डाचं नाव मीही काढलं नाही. खरं सांगायचं तर रविवारची झोप मला गोड लागत होती. श्रावण लागल्यावर एका सकाळी त्या पिशव्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. "चल. अंबाडी खावीशी वाटतीय."

शेडमध्ये त्या बाईने आम्हाला लांबूनच पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबली. सासूबाईंच्या कपाळावर आता नुसती विभूती होती. बाई उठून उभी राहिली, सासूबाईंचे दोन्ही हात धरले, दोघी कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या आणि डोळे पुसले. मग ती बसली आणि नेहमीसारखी अंबाडीची जुडी पुढे धरली. सासूबाईंनी बटव्यातून नोट काढली.

शेजारी एक बाई उभी होती. केसांत गजरा, हातात पिशवी. तिने सासूबाईंच्या कपाळाकडे पाहिलं, मग नोटेकडे पाहिलं. एवढंच. तोंडातून शब्द काढला नाही तिने. पण मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार, आणि सासूबाईंना चारचौघांत ऐकून घ्यावं लागणार. मी पर्समधली नोट काढली, सासूबाईंच्या हाताच्या पुढे माझा हात घातला आणि म्हणाले, "आज मी करते भवानी."

सासूबाईंची नोट तशीच बटव्यात परत गेली. भाजीवालीने माझ्याकडे पाहिलं, माझी नोट कपाळाला लावली आणि पोत्याखाली सारली. गजरेवाली दुसऱ्या ढिगाकडे निघून गेली. तिच्या मनात काय होतं, देव जाणे. कदाचित तिला अंबाडीच घ्यायची असेल.

वेळ निभावून नेली, असं मला आठवडाभर वाटत होतं. पुढच्या रविवारी सासूबाई खांबाच्या अलीकडेच थांबल्या. "तू घे आधी. मी हितं हाय." तेव्हा माझं मलाच तोंडात मारल्यासारखं झालं. गजरेवाली एक शब्द बोलली नव्हती. तुमचा हात आता नको, हे त्यांना सांगितलं ते मी. घरच्या सुनेने, भर बाजारात.

आणि ही मी कोण? शाळेतल्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या आमच्या सहकारी बाईंना पहिलं कुंकू लावा, म्हणून हट्ट धरणारी. त्यावर पाच मिनिटं भाषण करून टाळ्या घेणारी. ते भाषण आठवलं की अजून कान गरम होतात.

बोलून टाकावं असं रोज वाटायचं. पण बोलायला गेलं की ती गोष्ट पुन्हा मांडावी लागणार, आणि 'विधवा' हा शब्द आमच्या स्वयंपाकघरात आणायची माझी हिंमत नव्हती. मग मी उशीर करायला लागले. स्कूटीची किल्ली सापडायची नाही, पेट्रोल भरायचं असायचं. आम्ही पोचेपर्यंत भवानी होऊन गेलेली असावी, म्हणजे कोणी पुढे जायला नको की मागे राहायला नको. सासूबाई पिशव्या घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि माझं किल्ली शोधणं बघत राहायच्या. तरी यार्डात गेल्यावर त्या खांबाच्या अलीकडेच थांबत.

एकदा भाजीवालीने मला हळूच विचारलं, "अव्वा जवळ का येत न्हाईत? लांबच हुबारतात."

"गुडघे दुखतात त्यांचे," मी म्हणाले. मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून ते किती सहज निघालं.

पुढच्या रविवारी तिने माझ्या पिशवीत निरगुडीचा पाला कोंबला. "अव्वाच्या गुडघ्याला. गरम करून बांधा. लई गुण येतो."

पिशवी बंद करायच्या आत सासूबाई मागून आल्या. "हे काय?"

"गुडघ्याला, अव्वा," भाजीवालीच म्हणाली.

"माझ्या गुडघ्याला काय झालंय?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी कांदे बघायला लागले. मग त्या भाजीवालीसमोर उकिडव्या बसल्या, चांगल्या धडधाकट गुडघ्यांवर, आणि दोघींचं कन्नड सुरू झालं. सासूबाई खाली बघून बोलत होत्या. मला त्यातलं एवढंच कळलं की 'कै' म्हणजे हात हा शब्द पुन्हा पुन्हा येतोय, आणि 'सोसी' म्हणजे सून हा शब्द एकदाच आला.

भाजीवालीने सगळं ऐकून घेतलं. मग मलाही कळावं म्हणून की काय, मोठ्याने मराठीत म्हणाली, "तर मग करा की भवानी. माझी अजून व्हायची हाय."

ऊन पत्र्यावर चढलं होतं. तिच्यापुढचा ढीग निम्म्याहून खाली आला होता, शेपू तर संपलाच होता. सासूबाईंनी ढिगाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हसल्या. सासरे गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी नोट काढली. हात मध्येच जरा थबकला, मग पुढे गेला. बाईने नोट कपाळाला लावली, उरलेल्या अंबाडीला लावली आणि पोत्याखाली सारली. मला रडू आलं. मी पिशव्या उचलून स्कूटीकडे चालायला लागले.

परतताना सासूबाईंचा हात माझ्या खांद्यावर होता. किती दिवसांनी त्या गुणगुणत होत्या. सुटले, असं मला वाटलं. पुलाच्या अलीकडे सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांचं गुणगुणणं थांबलं.

"एक विचारू? त्या दिवशी तुला खरंच वाटलं होतं का गं, माझा हात लागला तर तिचा दिवस वाईट जाईल?"

"नाही हो, आई. ती गजरेवाली बघत होती. कोणी तुम्हाला काही बोलू नये म्हणून मी..."

हे खरंच होतं. पण त्यांची नोट पुढे जाताना, विभूतीच्या त्या कपाळाकडे बघून, क्षणभर माझ्याही मनात आलं होतं की नको. आज श्रावणातला रविवार आहे, बाईचा सगळा माल विकायचा आहे, नको. गजरेवालीकडे मी पाहिलं ते त्याच्यानंतर.

स्कूटीच्या आरशात सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी सिग्नलकडे बघायला लागले.

"बरं," त्या म्हणाल्या.

सिग्नल सुटला. त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि मागची दांडी धरली. पिशवी घसरत होती म्हणूनही असेल.