डायनाचं कुत्रं

खंडाळ्यात माझ्या शेजारच्या बंगल्याची राखण जवळच्या बेडसे गावचे एक आबा करतात. बंगल्याच्या व्हरांड्यात जुन्या फ्रेंच घडणीच्या दोन ब्राँझच्या मूर्ती होत्या. एक शिकारीची रोमन देवी डायना, दुसरं तिच्या पायाशी बसलेलं कुत्रं. दोघांची तोंडं फाटकाकडे. आबा देवीला लांबूनच नमस्कार करत. कुत्र्याच्या डोक्यावरून मात्र येता-जाता हात फिरवत. त्यामुळे काळपट कुत्र्याचं टाळकं तेवढं पिवळंधमक झालं होतं.

मालकांनी मूर्ती विकायला काढल्या, तेव्हा आबांचा हात त्या डोक्यावर जास्त वेळ राहू लागला. गिऱ्हाईक आलं. त्याने डायना घेतली. कुत्र्याचा मूळ रंग गेलाय, म्हणून ते नाकारलं.

"आबा, रंग तुम्हीच घालवलात," मी म्हणालो.

"व्हय की! लय बेस झालं," ते हसले.

दुसऱ्या दिवशी कुत्र्याचं तोंड आबांच्या खोलीकडे वळलेलं दिसलं. तेवढं जड ब्राँझ त्यांनी एकट्यानेच फिरवलं होतं. मी कारण विचारलं.

"ती फाटकातनं गेली न्हवं," आबा म्हणाले. "तिकडं तोंड ऱ्हायलं, तर वाट बघत बसंल त्ये."