अनुराधापूरच्या दारात माझी टोपी

लेकानं तिकिटं काढली तेव्हा एकच अट घातली, "बा, तिथं हट्ट करायचा नाही." मी मान डोलावली. विमान मी तोवर कापूस वेचता वेचता खालूनच पाहिलं होतं. लेक मास्तर आहे, इंग्रजी बोलतो. मी आमच्या आदिलाबादकडच्या खेड्यात चौथीपर्यंत शिकलो. पण श्रीलंकेला जायचं माझंच टुमणं होतं. बोधिवृक्षाचं रोप भारतातून नेऊन तिथं लावलं, त्या झाडाखाली बसून त्रिशरण म्हणायचं. मरायच्या आधी एवढं एक करायचं होतं.

पहिल्या दिवशी समुद्र पाहिला. माझी म्हातारी वाळूत उभी राहून म्हणाली, "एवढं पानी, अन् एक ओंजळ प्याच्या कामाचं नाही." दुसऱ्या दिवशी भातात नारळ, भाजीत नारळ. तिसऱ्या दिवशी अनुराधापूर, त्या झाडाचं गाव.

मी घरची पांढरी धोतर-बंडी घालून निघालो. मी प्यांट घालावी असं लेकाला वाटत होतं, पण तिथले लोकही पांढरेच कपडे घालून, हातात कमळं घेऊन चालले होते. मी लेकाकडं पाहिलं.

दारात चपला काढल्या. शिपायानं माझ्या डोक्याकडं बोट केलं.

"बा, टोपी काढा लागते," लेक म्हणाला.

"काऊन?"

"इथला नियम हाय."

आमच्या विहारात म्हातारे टोपी घालूनच वंदना करतात. कोणी काही म्हणत नाही. मी म्हणालो, "त्याले सांग, हे टोपी निंघत नाही."

माझा बाप सालगडी होता. मालकाच्या ओट्यासमोरून जाताना मुंडासं काढून काखेत धरायचा. हात भरलेले असले तर आधी ओझं खाली ठेवायचा, मुंडासं काढायचा, मग ओझं उचलायचा. मी सोळा वर्षांचा झालो तेव्हा आदिलाबादच्या बाजारातून पांढरी टोपी आणली आणि त्याच ओट्यासमोरून घालून गेलो.

मालक ओरडला, "काऊन रे, डोकं दुखते काय?"

"नाही. माहं डोकं हाय म्हनून झाकलं."

त्या सालापासून मला त्या घरचं काम मिळालं नाही. बाप आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पण टोपी कोणासमोर उतरली नाही.

लेकाला हे सगळं माहीत होतं. तरी म्हणाला, "बा, एवढ्या दूर आलो, आता दारातून वापस जाता काय?"

"जातो. तुमी या पाहून."

"टोपी हाय का कळस?" म्हातारी म्हणाली. "मी नाही थांबत बाप्पा." आणि बाहेर विकत घेतलेली कमळं घेऊन आत गेली.

मी भिंतीला टेकून बसलो. झाडाचा शेंडा तिथून दिसत होता. पाहून डोळे भरले, पण उठलो नाही. लेक उन्हात माझ्याजवळ उभा राहिला.

तेवढ्यात एक गाडी आली. खांद्यावर चांदण्या लावलेला मोठा साहेब बायको-लेकरांसोबत उतरला. शिपायानं त्याला कडक सलाम ठोकला. साहेबानं खाली वाकून स्वतःचे बूट सोडले, टोपी काढली, फळीवर ठेवली आणि उघड्या डोक्यानं आत गेला.

मी लेकाला म्हणालो, "इचार त्या शिपायाले. साहेबाले कोनं सांगतलं काढाले?"

लेकानं विचारलं. शिपाई हसला, काहीतरी बोलला.

"कोनंच नाही म्हनते. इथं राजा आला तरी काढते."

"अन् तो शिपाई सोता?"

शिपायाची टोपी त्याच्यामागं खिळ्याला लटकली होती. लेकानं दाखवली. तो उघड्या डोक्यानंच पहाऱ्यावर उभा होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी उठलो. टोपी माझ्या हातानं काढली, घडी मोडू दिली नाही. शिपायानं हात पुढं केला, त्याच्या हातात दिली नाही. फळीवर साहेबाच्या टोपीला लावून ठेवली.

आत वाळू तापली होती. म्हातारीजवळ जाऊन बसलो. सगळी माणसं पालीत म्हणत होती, तेच शब्द, आमचेच. लेकाचं इंग्रजी तिथं लागलं नाही. मी मोठ्यानं म्हणू लागलो.

माझ्या टकलावर ऊन आलं. म्हातारीनं हळूच पदराचं टोक माझ्या डोक्यावर टाकलं.

मी काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "राहू दे. सगळ्याईचं उघडं हाय."