तिसऱ्या वेळेचा होकार

ओर्लिन थॉर्सनला आमच्या गावात कुणी कधी वाईट म्हटलं नाही. तसं आमच्या गावात कुणालाच कुणी वाईट म्हणत नाही, निदान त्याला ऐकू जाईल असं. मी मूळची शिकागोची. लग्न होऊन इथे आले त्याला तीस वर्षं झाली, पोस्टाच्या खिडकीमागे बसून निम्म्या मिनेसोटाची पाकिटं हाताळली असतील, तरी मी अजून बाहेरचीच. कारण एकच, मला मनात ठेवता येत नाही.

इथे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाहीच म्हणायचं, जरा हळू. तिसऱ्यांदा म्हणायचं, "बरं, तुला त्रास होणार नसेल तर." कॉफीचं तसंच, केकच्या तुकड्याचं तसंच, बर्फात रुतलेली गाडी ओढून काढायचंही तसंच. माझ्या सासूने शेवटच्या आजारात पाण्यालासुद्धा दोनदा नको म्हटलं होतं.

ओर्लिन जन्मभर धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर होता. काट्याला कॉम्प्युटर जोडला तेव्हा त्याला न घाबरलेला तो एकटाच, म्हणून तो गावाचा कॉम्प्युटरवाला झाला. पैसे घ्यायचा नाही, कॉफीवर काम. त्याची बायको मेव्हिस वसंतात गेली. त्यानंतर त्याला घर खायला उठायचं. त्याच सुमारास कॉम्प्युटरची नवी ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात आली आणि ओर्लिनला धरायला काहीतरी मिळालं. डिस्कची चळत घेऊन तो घरोघर जायचा आणि जुनी काढून नवी सिस्टीम घालून द्यायचा. कुणी मागितली नव्हती. पण बिचाऱ्याला घरी बसवत नाही, असं म्हणून सगळ्यांनी घालून घेतली.

गावात त्याने फारसं बिघडलं नाही, कारण गावात वेगवान इंटरनेटची तार आलेली आहे. ती तार गावाच्या वेशीपाशी संपते. पुढे शेतांवरच्या घरांत अजून टेलिफोनच्या तारेवर मोडेम लावून, त्याच्या किंचाळ्या ऐकत नंबर लागायची वाट बघायची. आर्डिस हॉगेनचं घर तिकडे आहे.

आर्डिसला एकच मुलगा, डेल. बापाच्या दफनाच्या दिवशी जमीन विकण्यावरून आईशी भांडला आणि अलास्काला मासेमारीच्या बोटींवर निघून गेला. पत्ता टिकेना, फोन नाही. बरीच वर्षं तिला त्याचं काही कळलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ई-मेल आली, "आई, इथे धुकं आहे. तू कशी आहेस?" तेव्हापासून दर रविवारी दोन-तीन ओळी यायच्या, आणि चर्चमधून आली की आर्डिस उत्तर लिहायची. सोमवारी माझ्या खिडकीशी येऊन म्हणायची, "डेलकडे धुकं आहे म्हणे." याहून मोठी बढाई मी तिच्या तोंडून ऐकलेली नाही.

ऑक्टोबरमध्ये ओर्लिन डिस्क घेऊन तिच्याकडे पोचला. ती म्हणाली, नको, आहे ते चाललंय. त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, खरंच नको. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, आणि पुढे काय म्हणायचं हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. ओर्लिनने सिस्टीम घातली, पडदा उजळलेला पाहिला, कॉफी प्याला आणि घरी गेला. नंबर लावून बघायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही, कारण स्वतःच्या घरी त्याला तो कधी लावावा लागत नाही. आर्डिसच्या कॉम्प्युटरच्या पोटात जे मोडेमचं कार्ड होतं, ते त्या दिवसापासून मुकं झालं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्याने विचारलं, "कसं चाललंय?"

"वाईट नाही," आर्डिस म्हणाली. आमच्याकडे भरघोस पीक आलं तरी वाईट नाही, आणि यंत्रात बोट गेलं तरी वाईट नाही.

डेलच्या धुक्याची बातमी थांबली तेव्हा मी तिला खोदून विचारलं. कुणाला सांगणार नाही असं माझ्याकडून कबूल करून घेऊन मग तिने सांगितलं. "गावात कुणाच्या कॉम्प्युटरवर पत्रं बघायला गेले तर ओर्लिनला कळेल. त्याला कळू देऊ नकोस. या वर्षी त्याला काय कमी सोसावं लागलंय?"

जानेवारीत एका सकाळी मी आर्डिसला तिचंच पत्र परत देत होते. डेलच्या कुठल्याशा जुन्या पत्त्यावर पाठवलेलं, शिक्का मारून परत आलेलं. मागे ओर्लिन उभा.

"डेलला कागदी पत्र?" तो म्हणाला. "ई-मेल लिहितेस ना त्याला?"

"अधूनमधून कागदही बरा वाटतो."

"पण ते परत आलंय."

"हो. तिकीट छान होतं पण."

मला राहवेना. "ओर्लिन, तिचं इंटरनेट ऑक्टोबरपासून बंद आहे. तू ती सिस्टीम घातलीस त्या दिवसापासून."

आर्डिसचा चेहरा लाल झाला. "अगदीच बंद नाही. फोन चालतो की," ती म्हणाली आणि हातमोजे विसरून निघून गेली. ओर्लिनही दाराकडे वळला. काय घ्यायला आला होता ते त्याने मला सांगितलंच नाही.

जुनी सिस्टीम परत घालावी तर तिची डिस्क कुणी ठेवली नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी तो नवा मोडेम शोधायला फार्गो शहरात गेला. एका दुकानदाराने विचारलं, "अजून डायल करता?" दुसऱ्याने कोपऱ्यातून एक मोडेम काढून दिला. खोक्यावर लिहिलं होतं की नव्या सिस्टीमवर चालेल, फक्त तो चालवणारा प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवून घ्या. म्हणजे विहिरीत उतरायची दोरी विहिरीच्या तळाशी. ओर्लिनने तो आपल्या घरी उतरवला, डिस्कवर घालून आर्डिसकडे नेला. मोडेमने नंबर लावला, जरा किंचाळला आणि गप्प झाला. मग त्याने टपालाने दुसरे मागवले. ते माझ्याच हातून त्याच्याकडे जायचे आणि माझ्याच हातून परत जायचे.

प्रत्येक वेळी आर्डिस म्हणायची, "नको रे, रस्त्यावर बर्फ आहे." आणि ओर्लिनची पंचाईत अशी, की आता त्याला तिचा कुठलाच नकार कळेना. हे खरंखुरं नको की रीतीचं नको? तिच्या अंगणात गाडीत बसून राहायचा आणि आत न जाता परत यायचा. गावच्या कॅफेतल्या नेहमीच्या टेबलावर येऊन बसायचंही त्याने सोडलं.

एकदा खोकं परत करताना म्हणाला, "मेव्हिस असती तर म्हणाली असती, तिने नको म्हटलं होतं ना?"

"मग तू काय म्हणाला असतास?"

"म्हणालो असतो, दोनदाच म्हणाली." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "डेल त्या बाईला दर रविवारी लिहायचा, गं. आणि मी तिथे कॉफी पीत बसलो होतो."

शेवटी मोडेम बनवणाऱ्यांच्या मदतीच्या फोनवर एका बाईने त्याला समजावलं. कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी स्वस्त कार्डं स्वतः काही करत नाहीत, सगळं सिस्टीमकडून करून घेतात. सिस्टीम बदलली की त्यांचं कुणी ऐकत नाही. जुना, बाहेर टेबलावर ठेवायचा मोडेमचा डबा असेल तर त्याचं काम तो स्वतः करतो, त्याला कुठलीही सिस्टीम चालते.

हे सांगायला ओर्लिन माझ्याकडे आला. तसाच डबा पूर्वी आर्डिसच्या टेबलावर होता. काही वर्षांपूर्वी त्यानेच तो काढून पोटात कार्ड बसवलं होतं. एवढं धूड कशाला, फेकून दे, म्हणाला होता. "तू चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "मला एकट्याला नाही जमणार."

शनिवारी दुपारी आम्ही आर्डिसच्या स्वयंपाकघरात उभे होतो.

"आर्डिस, तो जुना डबा. लाल दिवे लागायचे तो. मी फेकायला सांगितला होता."

"हो, सांगितलं होतंस."

"तोच चालला असता."

आर्डिसने ओट्यावरचं फडकं घडी केलं, उलगडलं. "तळघरात आहे. लोणच्याच्या बरण्यांच्या मागे."

"फेकला नाहीस?"

"चालू होता ना. चालती वस्तू कशी फेकायची? तुला दिसला तर वाईट वाटेल, म्हणून मागे ठेवला."

मला खरं सांगायचं तर दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं. ओर्लिन अख्खा जिल्हा पालथा घालत होता, आणि ती वस्तू तिच्या पायाखाली होती. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

डबा मूळच्या खोक्यातून वर आला, तारा दोऱ्याने बांधलेल्या. ओर्लिनने जोडला. लाल दिवे लागले, नंबर लागला, किंचाळी आली आणि या वेळी ती पुरी झाली. पत्रं उतरू लागली. आर्डिसने चष्मा लावला आणि भाजीची यादी वाचावी तशा आवाजात वाचू लागली. ऑक्टोबरात धुकं होतं. मग थंडी होती. मग, "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला फार्गोत मित्राकडे चार दिवस येतोय. तुला चालणार असेल तर घरी येईन. कळव." त्यानंतर एकच होतं. "कळलं. मी रागावलो नाही. काळजी घे." पुढे काही नव्हतं.

"मला माफ कर, आर्डिस," ओर्लिन म्हणाला.

"छे. त्या आठवड्यात रस्ते किती निसरडे होते. आला नाही तेच बरं."

"रस्ते कोरडे होते. मी स्वतः तेव्हा फार्गोला गेलो होतो. हे माझ्यामुळे झालं."

"सणाची टर्कीसुद्धा मी लहानच आणली होती. दोघांना पुरली नसती."

"आर्डिस. माझी चूक झाली."

तिने चष्मा काढला. मला वाटलं, आता ती हवामानाचं काहीतरी बोलेल.

"हो," ती म्हणाली. "तुझीच चूक झाली, ओर्लिन. मी नको म्हणत होते. मनापासून नको म्हणत होते. माझा मुलगा इथून तासाभरावर बसून माझी वाट बघत होता."

ओर्लिन खुर्चीवर बसला आणि रडला. मेव्हिसच्या दफनाला तो रडला नव्हता. आर्डिसने ते फडकं त्याच्यापुढे सरकवलं, आणि हवी का असं एकदाही न विचारता कपात कॉफी ओतून त्याच्यासमोर ठेवली. त्यानेही नको म्हटलं नाही.

मग ती एका बोटाने लिहायला लागली.

"माझं नाव घाल त्यात," ओर्लिन म्हणाला.

"घालणारच आहे."

तिने लिहिलं, "डेल, ओर्लिनने माझं इंटरनेट बिघडवलं होतं, म्हणून मला काही कळलं नाही. ये." जरा थांबली आणि पुढे लिहिलं, "ये. ये."

"तीनदा कशाला?" मी विचारलं.

"इथलाच आहे तो," आर्डिस म्हणाली. "दोनदा नाही म्हणेल. तेवढी वाट बघत बसायला मला आता वेळ नाही."