हेलपाट्यांचे पॉइंट

माझा थोरला भाऊ सत्तावीस वर्षं गुवाहाटीत गलाईचं दुकान चालवत होता. जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करून द्यायचं, हे ते काम. आमच्या आटपाडीकडच्या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी पोरं या धंद्यापायी देशभर पांगली, त्यात आमचा दादा एक. पहिली काही वर्षं तो तीन-तीन दिवस रेल्वेत बसून गावी यायचा. मग दुकान स्थिरावलं आणि तो पुण्यापर्यंत विमानानं यायला लागला.

गेल्या दिवाळीत तो इस्लामपूरला माझ्याकडं आला होता. दुकान भागीदाराच्या हवाली करून उन्हाळ्यानंतर कायमचं परत यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. जेवताना त्यानं ते सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलं, पण आई भाकरीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाली, "तू परत यायच्या आधी मला तुझं दुकान दाव. आनि थोरलीला जिथं न्हेलं ती जागा."

थोरली म्हणजे माझी वहिनी. तिला जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. ती गेली त्याच आठवड्यात आईचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. मी एकटाच गेलो, तोही दिल्लीत धुळीच्या वादळानं विमान अडकल्यामुळं सगळं आटोपल्यावर पोचलो. आईनं सून शेवटची बघितली ती फोनच्या पडद्यावर.

 जाताना दादानं मला दोन विमान कंपन्यांच्या खात्यांचे पासवर्ड लिहून दिले. "दोनीकडं पॉइंट साठल्यात. आईचं आनि तुझं तिकीट त्यात बसतंय का बघ. मला त्यातलं कळत न्हाई."

मी ज्युनियर कॉलेजात क्लार्क आहे. फॉर्म, नियम, शेवटची तारीख यांत माझा जन्म गेला. तरी या कंपन्यांचे नियम वाचताना मला घाम फुटला. मी एका कोऱ्या उत्तरपत्रिकेवर मधोमध रेघ मारली आणि दोन्ही कंपन्या समोरासमोर मांडल्या. पहिल्या कंपनीत दादाचे पॉइंट बऱ्यापैकी होते, पण तिकिटाला लागायचेही भरपूर. शिवाय तिकीट फुकट म्हणायचं आणि कर रोखीनं भरायचा, तोही तिचाच जास्त. वर दिल्लीला विमान बदलायचं आणि मध्ये पाच तास बसून राहायचं. दुसरी कंपनी त्या महिन्यात पॉइंटवरच्या तिकिटांना सूट देत होती. नेहमीपेक्षा पाव हिस्सा कमी पॉइंट. कोलकात्याला विमान थांबायचं, पण आपण जागेवरून उठायचं नाही. आणि त्या खात्यात इतके पॉइंट होते की आम्हा दोघांचं जाणं-येणं होऊन वर उरले असते. ते पॉइंट डिसेंबरअखेर बादही होणार होते. सूट रविवारपर्यंत.

यात विचार करण्यासारखं काही नाही, असं मला वाटलं. दुपारच्या सुट्टीत मी दादाला फोन लावला आणि उत्साहानं सगळं वाचून दाखवलं.

 तो म्हणाला, "त्यातलं नगं. पहिल्यातनं बघ."

"अरे पहिल्यात एकाच बाजूचं तिकीट बसतंय. दिल्लीला पाच तास आईला कुठं बसवू?"

"मग पैशानं काढू. त्याला हात लावू नको."

"बाद होणार आहेत ते दादा. वाया जातील."

"जाऊ देत."

मी वैतागलो. चार दिवस त्यात घातले होते. भाऊ चिक्कू नाही हे मला माहीत होतं, तरी त्या क्षणी तसं वाटलं आणि तोंडातून गेलं, "मग काय मेल्यावर वर घेऊन जाणार आहेस?"

त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी मी पुन्हा त्या खात्यात शिरलो. पॉइंट कधी, कुठल्या प्रवासाचे जमा झाले त्याची यादी असते, ती मी तोवर उघडली नव्हती. मला फक्त बेरजेशी काम होतं. आता यादी खालपासून वाचू लागलो. गुवाहाटी ते मुंबई. मुंबई ते गुवाहाटी. तीन आठवड्यांनी परत तेच. प्रत्येक तारखेला दोन ओळी, एक दादाच्या नावाची, एक वहिनीच्या. दोघांचे पॉइंट एकाच खात्यात जमा होतील अशी त्यानं सोय केलेली. दीड वर्ष हे चाललं होतं. वहिनीला मुंबईच्या दवाखान्यात औषधं चढवायला तो नेत होता, ते हे हेलपाटे. त्यातल्या दोनदा मी स्वतः मुंबईत त्यांना भेटायला गेलो होतो. मला हे यादी न बघता कळायला हवं होतं.

शेवटची जोडी मुंबई ते गुवाहाटी अशी होती. तिच्या वर यादीत काही नव्हतं. त्यानंतर दादा त्या कंपनीच्या विमानात बसलाच नव्हता.

मी फोन उलटा ठेवला. आई पडवीत लसूण सोलत होती. तिच्याजवळ जाऊन बसलो आणि जे झालं ते सांगितलं. मी दादाला काय बोललो तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही. लसणाची पाकळी बोटांत तशीच धरून तिनं विचारलं, "म्हंजी ती जितक्या बारी गेली-आली, त्येचं ते साठलंय?"

"व्हय."

"आनि त्यात मी जाऊ शकतीया?"

"जाऊ शकतीस. रविवारपर्यंत काढलं तर."

"लाव त्येला फोन."

मी लावून दिला. आई फोन कानाला न लावता तोंडासमोर धरते, त्यामुळं दोन्ही बाजूंचं ऐकू येत होतं.

"काय रं, त्या पॉइंटाचं काय म्हनतोस?"

"काय न्हाई आये. ऱ्हाऊ दे ते."

"ह्यो सांगतोय ते थोरलीच्या हेलपाट्याचं हाय. खरं हाय का?"

 दादाच्या पाठीमागं दुकानात कुणाचा तरी हातोडा ठक-ठक वाजत होता.

"ती लय दमायची आये," दादा म्हणाला. "विमानात चढताना मला धरून चढायची. त्येच्यावर आपन गमतीत फुकट फिरल्यागत वाटंल."

"गमतीत कोन चाललंय? मी तिच्याकडंच चाललीया न्हवं? मग तिनंच मला न्यावं. कवातरी मला आपल्या हातानं न्ह्यायचं म्हनत हुती की ती."

 मग दादा म्हणाला, "त्येला दे फोन."

मी फोन घेतला. "दादा, मी दुपारी बोललो ते..."

"जाऊ दे रं. तिकीट काढाय घे, नंबर माझ्या फोनवर येतोय, त्यो लिहून घे." तो तिकिटाच्या खात्रीचा सहा आकडी नंबर होता. दादानं एकेक आकडा सावकाश सांगितला. मी तो टाकला आणि तिकिटं निघाली.

जानेवारीत आम्ही निघालो. उंब्रजच्या पुढं गाडी थांबवून चहा घेतला, तोवर आई निवांत होती. पुण्याच्या विमानतळावर तपासणीत तिच्या चंचीतला अडकित्ता काढून घेतला. तिनं त्या वर्दीतल्या बाईला विचारलं, "ह्येनं काय इमान कातरनार हाय व्हय मी?" ती बाई मराठीच निघाली. हसली, पण अडकित्ता काही दिला नाही.

माझ्या आईनं पन्नाशीपर्यंत मेंढरांमागं चालत माण ते कोकण आणि कोकण ते माण अशा वाऱ्या केलेल्या. विमान वर गेलं तेव्हा तिनं घट्ट डोळे मिटले. मग हळूच उघडले आणि पुढचा सगळा वेळ खिडकीतून खाली बघत राहिली. हिरवं कुठं आहे, पाणी कुठं आहे, एवढंच ती बघत होती. "हितं बसवाय झाली असती मेंढरं," असं एकदा म्हणाली. कोलकात्याला विमान थांबलं तेव्हा तिनं विचारलं, "थोरली बी अशीच बसून ऱ्हायची का?" मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

दादा घ्यायला आला होता. त्यानं वाकून आईच्या पायाला हात लावला आणि तसाच जरा वेळ वाकून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आम्हाला ब्रह्मपुत्रेच्या काठी नेलं. एवढी नदी आईनं कधी पाहिली नव्हती. पलीकडचा काठ धड दिसत नव्हता. दादानं जागा दाखवली. आईनं गावाकडून आणलेली ज्वारी मूठभर पाण्यात सोडली, हात जोडले आणि पायरीवर बसली. बसल्यावर म्हणाली, "आता सांग. शेवटी काय झालं ते मला कुनी सांगितलं न्हाई."

आणि दादा सांगू लागला. मुंबईहून परत येतानाचं विमान. वहिनीनं खिडकीची जागा मागून घेतली होती. गुवाहाटी जवळ आल्यावर डाव्या बाजूला बर्फाचे डोंगर दिसतात, ते तिला दिसले. ती म्हणाली होती, आत्यांना, म्हणजे आईला, एकदा हे दावाय पायजे. घरी आल्यावर आठ दिवस राहिली. शेवटच्या दिवशी तिनं पिठलं मागितलं, आणि दादाला ते नीट जमलं नाही, गुठळ्या झाल्या. हे सांगताना तो रडला. अडीच वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मोठ्या मेंढराला चुचकारतात तसा.

आम्ही तिथं आठवडाभर राहिलो. आई रोज दुकानात जाऊन स्टुलावर बसायची आणि मुशीतलं सोनं पातळ होताना बघायची. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं वहिनीची पेटी उघडली. लुगडी-साड्या बाहेर काढून उन्हात घातल्या आणि दादाला म्हणाली, शेजारच्या बायकांना बोलाव.

पाच-सहा जणी आल्या. आईनं एकेकीच्या हातात एकेक साडी दिली. साडी घेतली तरी त्या उठेनात. एकीनं काहीतरी सांगायला सुरुवात केली, मग दुसरीनं. वहिनी त्यांची भाषा बोलायला शिकली होती. एकीच्या सुनेचं बाळंतपण तिनं केलं होतं. दुसरीला भाकरी थापायला शिकवताना दोघी हसून हसून खाली बसल्या होत्या. आजारपणातही मुंबईला जाताना ती सगळ्यांच्या घरी सांगून जायची, माझ्या तुळशीला पाणी घाला म्हणून.

आई एक शब्दही न कळता त्यांच्या तोंडाकडं बघत होती, आणि दादा मराठीत सांगत होता. मध्येच तो थांबायचा, त्या बाईला पुन्हा विचारायचा. यातलं बरंचसं त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.